नैवेद्य चाखल्याची बखर

श्री. ज्याचा जो देव असेल तो त्यास प्रसन्न असो, आणि ज्यास कोणीच नसेल त्याने आपले आपण पाहून घ्यावे. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सर, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. राज्य थोर, पाऊसपाणी बरे, आणि पेठा तीन. एक देवीच्या राउळाची, दुसरी दर्ग्याची, आणि तिसरी तर्कमंडळाची, म्हणजे जे कशासच मानीत नाहीत आणि दर गुरुवारी जमून तेच एकमेकांस सांगतात त्यांची. तिन्ही पेठांत कधी तंटा म्हणून जाहला नाही. त्याचे कारण, लोक बहुत शहाणे आणि श्रद्धा पायताणासारखी वापरीत. जेथे जावे तेथे दाराशी एक काढावी आणि आत दुसरी चढवावी. राउळात गेले की डोळे मिटावे, दर्ग्यात गेले की डोकीस रुमाल बांधावा, तर्कमंडळात गेले की दोन्ही गोष्टींस हसावे, आणि मग घरी येऊन जेवावे. कोणास खरोखरी काय वाटते हे पुसण्याची चाल नव्हती, आणि सांगण्याची तर त्याहून नव्हती. ऐशा राज्यात द्वारकाबाई म्हणोन एक बाई मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, चाकरीस होत्या. त्यांचा पराक्रम तो हा.

द्वारकाबाई अंगाने दांडग्या, आवाजाने त्याहून. राउळापाठीमागच्या आळीत राहात आणि देवीस आई म्हणत. म्हणत म्हणजे खरेच म्हणत. तिच्याशी भांडत, तिच्यावर रुसत, भाजी निवडता निवडता तिला घरच्या गोष्टी सांगत. त्यांच्या मनात एकच हौस होती. नवरात्रात नवमीस देवीस महानैवेद्य होई, आणि त्याचे पहिले ताट मुदपाकखान्याच्या दारोग्याने आपल्या हाती राउळाच्या दारापर्यंत न्यावे ऐसा मान होता. बाईंनी अर्धे आयुष्य त्या ताटाच्या मागून वड्यांची परात घेऊन चालण्यात काढिले होते, आणि एकदा तरी ताट आपल्या हाती असावे एवढेच त्यांचे मागणे होते. आता त्या नैवेद्याची रीत ऐकावी. देवीच्या आधी मनुष्याची जीभ लागली तर अन्न उष्टे, सबब स्वयंपाक कोणी चाखावयाचा नाही. ताट दाराशी आले म्हणजे वेदमूर्ती धुंडिराजशास्त्री उंबऱ्याशी उभे राहून मोठ्याने पुसत, "नैवेद्य अनुच्छिष्ट आहे ना?" म्हणजे उष्टा नाही ना. दारोग्याने म्हणावे, "आहे." मग नगारा व्हावा आणि ताट आत जावे. ऐसे वर्षानुवर्षे चालत आले होते, आणि वर्षानुवर्षे मीठ अचूक पडत आले होते. ते न चाखता कैसे पडते हे कोणी पुसत नसे.

मग एके साली ऐसे जाहले की, जुने दारोगा निवर्तले आणि त्यांच्या जागी जे नवे आले ते फार सरळ मनुष्य. त्यांनी नेम ऐकिला आणि नेम पाळिला. आमटीत मीठ घातले, मग घातले की नाही याची शंका आली, चाखावयाची सोय नाही म्हणोन पुन्हा घातले, आणि त्यांचे दुय्यम बाळंभट यांस वाटले की दारोगासाहेब गडबडीत विसरले असतील, म्हणोन त्यांनी गुपचूप तिसऱ्याने घातले. शास्त्रीबुवांनी पुसिले, दारोग्यांनी "आहे" म्हटले, आणि राज्याच्या इतिहासात ते उत्तर प्रथमच खरे होते. मग पंगत बसली. महाराजांनी पहिला भुरका घेतला आणि त्यांचा चेहरा गंभीर जाहला. परंतु प्रसाद तो प्रसाद. एक सरदार बोलिले, "अमृत आहे." दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, त्यास लोकांनी भक्तीचा पूर म्हटले. कारभारी येसोपंत, ज्यांच्या शब्दावर राज्य चाले, त्यांनी तर सर्वांदेखत दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली, आणि ती घेताना त्यांचा हात कापत होता. राजवाड्यातील सगळे रांजण रिते जाहले. मग द्वारकाबाई भात वाढावयास महाराजांपुढे आल्या आणि, जैसे घरात बोलावे तैसे बोलिल्या, "सरकार, आमटी खारट झाली आहे. खाऊ नका ती. ताक आणते." महाराजांनी बाईंकडे पाहिले, आणि बुडत्यास काठ दिसावा तैसा त्यांचा चेहरा जाहला, आणि बोलिले, "आणा." त्याच दिवशी सरळ मनुष्यास गोठ्याच्या देखरेखीवर बहाल करून दारोग्याची वस्त्रे द्वारकाबाईंस जाहली.

आता मुदपाकखान्याच्या दारोग्यास तिन्ही पेठांच्या सणाचे रांधावयास जावे लागे. माघात दर्ग्याचा उरूस आला, तेव्हा बाई मलिद्यास गेल्या. तेथील मुजावर चांदसाहेब, वृद्ध, हाती मोरपिसांचा कुंचा, त्यांनी रीतीप्रमाणे पुसिले, "बाई, बाबांकडे काही मागणं असेल तर सांगा." दुसऱ्या पेठेचे जे कोणी येई ते यावर म्हणे की बाबांवर आमची फार श्रद्धा आहे. बाई तूप पातळ करीत होत्या. त्यांनी वर न पाहता सांगितले, "नाही हो. माझं मागणं असतं ते देवीकडे. तुमच्या बाबांना मी मानत नाही. पाहुणी आहे, मलिदा चांगला करून देईन, गूळ कमी पडू देणार नाही." कोणी बाईंचा पदर ओढिला. चांदसाहेबांनी कुंचा खाली ठेविला आणि बोलिले, "राउळाच्या पेठेचे निम्मे लोक इथं येऊन डोकं टेकतात आणि घरी जाऊन आंघोळ करतात. मला ठाऊक आहे. त्यांच्याशी काय बोलावं ते मला कधी कळत नाही. तुमच्याशी बोलता येईल." मग आवाज उतरवून म्हणाले, "आता मीही सांगतो. नवरात्रात मी राउळासमोर हात जोडून उभा राहतो ना, तो कारभाऱ्यांना दिसावा म्हणून. तुमच्या देवीला मी मानत नाही." बाई म्हणाल्या, "मग जोडू नका. तिला काय कळत नाही होय?" "आणि कारभारी?" "त्यांना सांगा, द्वारकाबाईंनी जेवायला बोलावलंय. तेवढं तर खरं असेल." चांदसाहेब हसले, आणि मलिदा वळीत दोघांनी आपापल्या देवाच्या एकेक तक्रारी सांगितल्या, आणि त्या बहुतेक सारख्याच निघाल्या.

मग वैशाखात ग्रहण आले. ग्रहण लागले असता भर चौकात बसून जेवावे हा तर्कमंडळाचा मोठा सण. मंडळाचे मुख्य भास्करपंत, विद्वान, आवाज खणखणीत. बाईंनी ग्रहण लागण्याआधी सर्व रांधून आणिले, पाने मांडिली, आणि मग कमरेवर हात ठेवून बोलिल्या, "ऐका. मी ग्रहण पाळते. माझा विश्वास आहे. म्हणून प्रत्येक भांड्यात तुळशीचं पान घातलंय. चालत नसेल त्यानं पान काढून जेवावं, मला राग नाही. आणि मी आत्ता जेवणार नाही, सुटल्यावर जेवेन." भास्करपंत म्हणाले, "बाई, ही शुद्ध अंधश्रद्धा." बाई म्हणाल्या, "असेल. भात वाढू?" मंडळी जेवावयास बसली. कित्येकांनी पान काढून बाजूस ठेविले. कित्येकांनी इकडेतिकडे पाहून ते चावून खाल्ले. एकाने शेजाऱ्याचे टाकलेलेही उचलले. जेवण जाहल्यावर भास्करपंत हात धुवावयास आले तेव्हा बाईंनी हळूच पुसिले, "घरी गेल्यावर आंघोळ करणार का?" पंत बोलिले, "उकाडा फार आहे." बाई म्हणाल्या, "तो आहेच," आणि अधिक काही बोलल्या नाहीत. ही त्यांची सभ्यता सांगण्याजोगी आहे.

येणे रीतीने तिन्ही पेठांत बोभाटा जाहला की बाईंस जीभ आवरत नाही. दर्ग्यात देवीचे सांगतात, तर्कमंडळात तुळस सांगतात, मग राउळात काय सांगतील? आणि राउळातही त्यांनी सांगून ठेविलेच होते की, मी चाखून रांधते. हे कारभारी येसोपंतांच्या कानी गेले. अष्टमीचे दिवशी, बाई अळूचे देठ सोलीत बसल्या असता, कारभारी खासा मुदपाकखान्यात आले आणि पाटावर बसले आणि बोलिले, "चाखता असं ऐकतो." "चाखते." "उत्तम करता. सगळेच चाखत आले. एकानं चाखलं नाही, त्याची आमटी मी दोनदा खाल्ली आहे." बाई म्हणाल्या, "मग अडचण काय?" "अडचण चाखण्याची नाहीच. उद्या शास्त्रीबुवा दारात विचारतील. तिथं 'आहे' म्हणायचं. एक शब्द." "तो खोटा आहे." "खोटा कसा? ती रीत आहे." बाईंनी सुरी खाली ठेविली. म्हणाल्या, "पंत, मी तिला आई म्हणते. आईला ताट घेऊन जायचं आणि तिच्याच उंबऱ्यावर उभं राहून खोटं बोलायचं?" "मग चाखू नका." "मग खारट वाढू?" कारभाऱ्यांनी कपाळ चोळिले. मग उठता उठता, राग न आणता, बोलिले, "तुमचं भलं चिंतितो म्हणून सांगतो. पहिलं ताट कुणी न्यायचं हे मी ठरवतो. इतकी वर्षं मागून चाललात. उद्या एका शब्दासाठी पुन्हा मागं जाऊ नका." ऐसे म्हणोन गेले.

बाई एकट्याच राहिल्या. अळू सोलून जाहले तरी उठल्या नाहीत. मग कोणी नाही ऐसे पाहून पाट्यावरवंट्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आहे." शब्द सहज निघाला. पुन्हा म्हणाल्या, "आहे." दुसऱ्याने तर पहिल्याहून गोड निघाला. तेव्हा बाईंस भय वाटले. खोटे जिभेवर अडखळेल आणि आपली सुटका होईल ऐसा त्यांचा अदमास होता, आणि ते तर सायीसारखे उतरत होते. मग देवीस उद्देशून बोलिल्या, "बघ बाई, किती सोपं आहे. तूच सांग काय करू." बाईंनी उठून चुलीस पोतेरे दिले.

नवमीस दोन प्रहरी राउळाच्या पटांगणात सर्व राज्य जमले. महाराज नऊ दिवसांचे उपाशी. सरदार मंडळी मांडीस मांडी लावून. चांदसाहेब मुजावर कडेस उभे, हात मागे बांधलेले, आणि कोणी पुसिले तर सांगत की मी जेवावयास आलो आहे. तर्कमंडळही आले होते, कारण देवीविषयी त्यांचे मत काही असो, पुरणपोळीविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. मग द्वारकाबाई पहिले ताट घेऊन आल्या. ताट जड आणि गरम, वाफेने तोंड घामेजलेले, आणि पायरी पायरी चढताना त्यांस वाटले की हे आत जाऊ दे, मग मला काही नको. उंबऱ्याशी आल्या. धुंडिराजशास्त्र्यांनी मोठ्याने पुसिले, "नैवेद्य अनुच्छिष्ट आहे ना?" नगारजीने टिपरू उचलून धरिले. बाईंनी आत देवीकडे पाहिले आणि बोलिल्या, "नाही. चाखलेला आहे. मीठ बरोबर आहे."

टिपरू वरच राहिले. शास्त्रीबुवा बोलिले, "बाई, मी काय विचारलं ते कळलं ना?" "कळलं. पळीतलं तळहातावर घेतलं, तिथून चाखलं, आणि हात धुऊन मग पुढचं केलं. पळी तोंडाला लावली नाही. पण देवीआधी माझ्या जिभेला लागलं, हे खरं आहे." तोच गर्दीतून भास्करपंत उठले आणि टाळी वाजवून गर्जले, "शाबास! बाई आमच्यातल्या निघाल्या." बाई मागे वळून म्हणाल्या, "नाही हो पंत. आज माझा नववा उपास आहे, चाखलं तेही थुंकून चूळ भरली. तिनं घास घेतल्याशिवाय मी पाणी घ्यायची नाही." भास्करपंत खाली बसले. मग कारभारी पुढे जाहले, बाईंच्या हातून ताट घेवविले, चौरंगावर ठेवून पाटीखाली झाकविले, आणि हुकूम केला की बाळंभटाने नवा नैवेद्य न चाखता रांधावा. बाईंचे हात तैसेच पुढे राहिले होते. रिकामे हात कोठे ठेवावे हे त्यांस कळेना, म्हणोन त्यांनी ते पदरास पुसिले.

बाळंभट पुढे आले आणि बोलिले, "सरकार, करतो. पण चांगला झाला तर म्हणाल, यानं चाखला. बिघडला तर खाणार कोण?" हे ऐकोन सर्व दरबार विचारात पडला, कारण गेल्या सालची आमटी कोणी विसरले नव्हते. बाळंभट पुढे म्हणाले, "आणि आता बोलणं निघालंच आहे तर, आजची कढी मी चाखली आहे." महाराजांनी कारभाऱ्यांकडे पाहिले, कारभाऱ्यांनी आकाशाकडे पाहिले. मग महाराजांनी शास्त्रीबुवांस पुसिले, "आपण इतकी वर्षे हा प्रश्न करता. आपणास काय वाटे?" धुंडिराजशास्त्री बहुत वृद्ध आणि राज्यात त्यांचा शब्द मोठा. ते बोलिले, "मला वाटे, न चाखता मीठ बरोबर पडतं ही देवीची कृपा." मग उपरणे सावरीत म्हणाले, "पहिली दोन वर्षं वाटे." "आणि मग?" "मग विचारायची सवय झाली."

पटांगणात कोणी तरी हसले. शास्त्रीबुवा बाईंकडे वळिले. "बाई, देवीला उष्टं चालतं असं तुम्ही मानता?" बाई म्हणाल्या, "तिला काय चालतं ते मला काय ठाऊक? खारट चालत नसावं, एवढं मला वाटतं. माझं चुकलं असेल तर ती मला बघून घेईल, तुम्हाला नाही." शास्त्रीबुवा बोलिले, "मी मात्र मानतो की चालत नाही. आजवर रीत म्हणून बोललो. आज मनापासून बोलतो. देवीच्या आधी कुणाची जीभ लागू नये. माझी तशी श्रद्धा आहे, आणि ती तुमच्या आमटीसाठी मी सोडणार नाही." बाईंनी मान डोलाविली, कारण हे त्यांस पटले नाही तरी कळले. राज्यात दोन माणसे परस्परांच्या तोंडावर आपापले खरे सांगून उभी राहिली आणि कोणाचे काही मोडले नाही, हे लोक प्रथमच पाहात होते, आणि पुढे काय होते म्हणोन टाचा उंचावीत होते. मग शास्त्रीबुवांची दृष्टी पूजेच्या तबकाकडे गेली. त्यांनी एक नारळ उचलिला, कानाशी हालवून पाहिला, आणि बोलिले, "हा कुणी चाखलेला नाही. याची हमी कुणाला द्यावी लागत नाही. पहिला नैवेद्य हा, आणि तो मी नेतो. त्यानं माझी रीत राहिली. मागून लेकीचं ताट. लेकीनं काय चाखलं, काय नाही, ते दोघी आपसात बघतील."

महाराजांनी "मान्य" म्हटले, कारण महाराजांस भूक लागली होती. कारभारी येसोपंतांनी राज्याची आब राखावी म्हणोन तेथेच सांगितले की आजपासून पहिल्या नैवेद्याचा मान दारोग्याकडून काढून नारळाकडे दिला आहे. बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. ज्या ताटामागून अर्धे आयुष्य चालल्या ते हाती आले, आणि आले त्याच दिवशी दुसरे जाहले. मग पाटी उचलून ताटास हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल. पण लवकर करा, निवतंय." शास्त्रीबुवा नारळ घेऊन आत गेले, वाढविला, बाहेर आले, आणि पुन्हा उंबऱ्याशी उभे राहिले. सवयीने तोंड उघडिले, जुना प्रश्न ओठांशी आला, तो त्यांनी गिळिला. मग पुसिले, "मीठ बरोबर आहे ना?" बाई बोलिल्या, "आहे." नगारा जाहला. आणि ताट घेऊन आत जाताना बाईंच्या ध्यानी आले की, काल पाट्यावरवंट्यापुढे म्हटला तोच हा शब्द, परंतु आज तो आईच्या तोंडाकडे पाहून म्हटला होता. पंगतीत कारभाऱ्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली. या खेपेस हात कापला नाही.

तात्पर्य लिहावयाचे तर थोडे आहे. पुढे राज्यात लोक आपले खरे सांगू लागले, सर्वच नव्हे, परंतु बरेच. त्याने काही सोयरिकी मोडल्या, काही जुळल्या, आणि तर्कमंडळात गुरुवारी बोलावयास प्रथमच काही नवे मिळाले. द्वारकाबाई म्हाताऱ्या होऊन निवर्तल्या, तेव्हा तेराव्यास तिन्ही पेठा जेवावयास आल्या. चांदसाहेबांच्या लेकाने सांगितले, "आम्ही बाबांजवळ बाईंसाठी मागितलं. त्या मानत नव्हत्या, आम्हाला ठाऊक आहे. तरी मागितलं." भास्करपंत काठी टेकीत आले आणि बोलिले, "मी कुणाजवळ काही मागितलेलं नाही. पण आज घरून आंघोळ करून आलोय, आणि ती उकाड्यामुळं नाही." राउळात अद्याप आधी नारळ जातो, मागून ताट जाते, आणि दारात मिठाचे पुसतात. राज्ये बहुत जाहली आणि गेली, परंतु आमटी बरोबर असलेली राज्ये थोडी. हे वर्तमान ऐकिले तैसे लिहिले, आणि देवापुढे ठेवण्याआधी लिहिणाराने एकदा वाचून पाहिले आहे, तेही येथेच सांगून ठेविले.